दोन स्लॉटचा बोर्ड

"चारशे पन्नास?" खिंवसराशेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "प्रणित, तब्येत बरी आहे ना तुझी?"

बोलून झाल्यावर त्यांना आठवलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच काउंटरवरची काच फडक्याने पुसायला घेतली.

"बरी आहे," प्रणित म्हणाला. "चारशे पन्नास वॅटचा द्या. चांगल्या कंपनीचा."

"कंपनी चांगलीच देतो रे. पण साडेसहाशेचा ने. उद्या मोठं कार्ड टाकलंस म्हणजे?"

"नाही टाकणार."

"आज म्हणतोस. सहा महिन्यांनी इथेच उभा राहशील, शेठ, हा परत घ्या, मोठा द्या म्हणून."

"नाही राहणार," प्रणित म्हणाला, आणि हसला.

अपघातानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होते. म्हणून मी हसण्याकडे पाहिलं. वाक्य तसंच पुढे गेलं.

कॉम्प्युटरच्या आतल्या प्रत्येक भागाला वीज वाटून देणारा एक डबा असतो, त्याबद्दल हे चाललं होतं. दुकान नाशिकच्या एम. जी. रोडवर, पहिल्या मजल्यावर, एका चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. माझा भाऊ कॉलेजात होता तेव्हापासून तिथे जायचा. सिडकोतल्या आमच्या भागात ज्याला म्हणून गेम खेळायला कॉम्प्युटर हवा असे, तो आधी प्रणितकडे येई. प्रणित त्याला घेऊन या दुकानात येई आणि एकेक भाग निवडून देई. शेठ म्हणायचे, हा मशीन घेत नाही, पत्रिका जुळवतो. ते खरं होतं. प्रोसेसर जोरदार आणि खेळातली चित्रं उमटवणारं कार्ड मरतुकडं असलं तर पैसे पाण्यात. कार्ड भारी आणि वीज देणारा डबा हलका असला तर भर खेळात मशीन बंद. सगळ्यात हळू चालणारा भाग बाकीच्यांचा वेग ठरवतो, म्हणून कोणालाच फार पुढे जाऊ द्यायचं नाही आणि कोणालाच मागे ठेवायचं नाही, असं तो पोरांना समजावून सांगायचा. जेवताना मलाही सांगायचा, आणि मी मान डोलवायचे.

केदार हे सगळं ऐकून त्याच्यासमोर जांभया द्यायचा. केदार त्याचा शाळेपासूनचा मित्र.

तीन महिन्यांपूर्वी त्र्यंबक रस्त्यावर एक टेम्पो अचानक वळला. मोटारसायकल प्रणित चालवत होता, केदार मागे बसला होता. प्रणितचं मनगट मोडलं. केदार दवाखान्यात पोचलाच नाही. पोलिसांनी चूक टेम्पोवाल्याची धरली. ते प्रणितला सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला. त्यानंतर तो जवळजवळ एवढंच बोलायचा. जेवतोस का, बरं. झोप आता, बरं.

आईने बाथरूमची आतली कडी काढून टाकली. गंजली होती, ती म्हणाली. गंजली नव्हती. तो आंघोळीला गेला की ती दाराबाहेर उभी राहून आधीच कोरडी असलेली भांडी पुसायची. मी सातपूरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांचे तराजू आणि वजनं तपासून द्यायची, असं ते काम. तिथून मी दिवसातून कितीतरी वेळा घरी फोन करायचे आणि काहीही विचारायचे. दूध आलं का. पाणी आलं का. आईला कळायचं. ती म्हणायची, "आहे. बसलाय. टीव्ही बघतोय."

आम्हाला कशाची भीती वाटते ते आम्ही दोघींनी एकमेकींना कधीच सांगितलं नाही. एकदा मी सुरुवात केली होती. "आई, हा जर कधी," एवढंच म्हणाले, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचा हात ओला होता. "घरात असलं काही बोलू नये," ती म्हणाली. "वास्तू तथास्तु म्हणत असते." मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, आणि मी गप्प बसले.

म्हणून त्या शनिवारी सकाळी प्रणित दाढी करून बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, एक मशीन बनवायचंय. येतेस दुकानात?" तेव्हा स्वयंपाकघरातला सगळा आवाज थांबला. आईने त्याच्या हातावर दहीसाखर ठेवली. तो चपला घालत असताना ती मला हळूच म्हणाली, "बघ. सुधारतंय पोर." तिचे डोळे भरले होते. पाठोपाठ ती म्हणाली, "पण एकटं सोडू नकोस."

"बोर्ड कोणता देऊ?" शेठ आता कामाला लागले होते. "तुझा नेहमीचा काढतो. चार स्लॉटचा."

"दोनचा द्या."

शेठचा हात फळीवरच राहिला. "रॅमचे दोन स्लॉट? तू? मागच्या दिवाळीत त्या काळे सरांच्या मुलाला दोनचा दिला म्हणून माझं अर्धा तास डोकं खाल्लं होतंस."

"त्याला पुढे लागणार होते."

"आणि ह्याला?"

"आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या बसवतो. दोन्ही घरं भरली. पुरे."

"बाबा रे, तूच शिकवलंस मला. सगळी घरं आज भरायची नसतात." शेठ माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा ह्याला. साडी घेताना माणूस ब्लाउजपीस सोडून येतं का?"

मी हसले. मला वाटलं हसावं, म्हणजे हे असंच चालू राहील. दुकानात गर्दी होती, कोणीतरी माउस मागत होतं, प्रणित काउंटरवर कोपर टेकून उभा होता, अगदी पूर्वीसारखा. मला ते मोडायचं नव्हतं. तरी मी विचारलं, "दोनच का रे?"

"चारचा घेतला तर उरलेले दोन रिकामे राहतात, ताई."

"मग राहू देत की."

"रिकामं कशाला ठेवायचं." तो हे इतक्या समजुतीने म्हणाला, जणू मलाच काहीतरी कळत नव्हतं.

आमच्या कामात एक सवय लागते. दहा किलोच्या तराजूवर आम्ही रोज दहा किलो ठेवत नाही. क्षमतेच्या टोकाला काही मोजायचं नसतं, वर थोडी जागा मोकळी असावी लागते. प्रणितची पद्धतही तीच होती, आणि त्यावरून आम्ही दोघं एकाच घरातले आहोत हे पटायचं. आज तो प्रत्येक गोष्ट नेमकी टोकापर्यंत घेत होता. जेवढी वीज लागते तेवढीच देणारा डबा, जेवढ्या पट्ट्या तेवढीच घरं, कॅबिनेटही असं की त्यात दुसरी डिस्क मावणार नाही. यात चूक काहीच नव्हती. मशीन उत्तमच होणार होतं. कार्डावर त्याने अजिबात हात आखडला नाही, पंखा सर्वांत शांत चालणारा घेतला. मला फक्त ते विचित्र वाटलं, एखादा आकडा अपेक्षेपेक्षा जरासा वेगळा यावा तसं. असा आकडा आला की आम्ही पुन्हा मोजतो. मी मोजलं नाही. मी खोकी उचलली.

रिक्षात बसल्यावर तो रिक्षावाल्याला म्हणाला, "म्हसरूळ. मेरीच्या पुढे."

आमचं घर नेमकं उलट्या दिशेला आहे. म्हसरूळला केदारचं घर होतं.

"प्रणित."

"गार्गीचं आहे हे मशीन." तो मांडीवरच्या खोक्याकडे बघत म्हणाला. गार्गी केदारची धाकटी बहीण. "दहावी झाली की घेऊन देतो, असं केदारने तिला सांगितलं होतं. झाली ती दहावी. चांगले मार्क पडले."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"काकूंना? त्यांना तरी सांगितलंस येतोय म्हणून?"

"गार्गीला सांगितलंय."

अंत्यविधीच्या दिवशी प्रणित केदारच्या दारात गेला होता, मनगट गळ्यात बांधलेलं. केदारच्या आईने त्याच्याकडे पाहिलं होतं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं होतं. त्यानंतर आमच्यातलं कोणी तिकडे गेलं नव्हतं. पंचवटीतून रिक्षा जात होती आणि मला एवढंच दिसत होतं, की त्या दार उघडतील आणि काहीतरी बोलतील, आणि जे बोलतील ते हा आयुष्यभर घेऊन फिरेल. रिक्षा वळवून घरी न्यावी असं मला वाटत होतं. पण तो ताठ बसला होता, वळणावर खोकी घसरू नयेत म्हणून हात आडवा धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती. तीन महिन्यांत मी ती पाहिली नव्हती. मला वाटलं, माफी मागायला चाललाय. मागू दे.

दार काकूंनीच उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. त्यांनी आधी खोक्यांकडे, मग माझ्याकडे आणि शेवटी प्रणितकडे पाहिलं.

"चपला आत घ्या," त्या म्हणाल्या. "बाहेरच्या कुत्री उचलून नेतात."

आणि आत निघून गेल्या. आम्ही चपला आत घेतल्या.

गार्गीने बाहेरच्या खोलीत चटई घालून ठेवली होती. सोळा वर्षांची, बारीक, बोलकी मुलगी. केस तिने अगदी कमी करून टाकले होते. "ए, खरंच आणलंस? मला वाटलं, टोप्या लावतोयस." खोकी फोडताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. प्रणित म्हणाला, "आधी नळाला हात लाव. अंगातली वीज जाऊ दे." ती नळाला हात लावून आली. स्क्रू ठेवायला तिने आमटीची वाटी आणली. मी दिवाणावर बसले. भिंतीवर केदारच्या फोटोला चंदनाचा हार होता. मी तिकडे पाठ होईल अशी सरकले.

प्रणित स्वतः कशालाच हात लावत नव्हता. सगळं तिच्याकडून करून घेत होता.

"प्रोसेसरच्या कोपऱ्यात बघ, बाण आहे. बोर्डावरही आहे. जुळव. दाबायचं नाही, नुसतं सोडून द्यायचं."

"बसला."

"काढ. परत बसव."

"अरे बसलाय ना."

"मी नसताना काढायचा झाला तर? काढ."

"दादा, तू शिकवतोयस का माझी तोंडी परीक्षा घेतोयस?"

त्याने तिच्याकडून पट्ट्या तीनदा काढून बसवून घेतल्या. पंख्याखाली किती लेप लावायचा ते सांगितलं. धूळ कधी झाडायची, कोणता आवाज आला की घाबरायचं, कोणता आला की दुर्लक्ष करायचं. कार्ड बिघडलं तर दुकानात जाऊन कोणाशी बोलायचं. "खिंवसराशेठना तुझं नाव सांगून ठेवलंय. पावती तुझ्या नावाची आहे. भीड धरायची नाही, सरळ जाऊन उभं राहायचं."

"मी कशाला जाऊ? तुला फोन करीन."

"तूच जायचं. मला विचारायची गरज नाही पडणार. सगळं येतंय तुला."

तो चांगला शिक्षक होता. मी ते ऐकत होते आणि मला छान वाटायला हवं होतं. पण दुकानातलं ते विचित्र वाटणं परत आलं. मला ते कुठून येतंय तेच कळत नव्हतं. स्वयंपाकघरातून काकूंचा एकही आवाज येत नव्हता.

कार्ड बसलं. वायरी जोडल्या गेल्या. गार्गी बोर्डावर वाकून बघत होती.

"ए, ह्याला दोनच स्लॉट आहेत."

"हो."

"आणि दोन्ही भरले."

"हो."

"म्हणजे पुढे वाढवायचे झाले तर? केदारदादाच्या मशीनच्या वेळी तू त्याच्याशी भांडला होतास ना. इथेच बसून. चारचाच घे, दोन मोकळे ठेव म्हणून. तो म्हणाला होता, तू म्हातारा आहेस."

प्रणित हसला. "तुला नाही लागणार. आहे ते पुष्कळ वर्षं पुरेल. मी बघूनच घेतलंय."

"आणि नवीन कार्ड घेतलं तर? डबा पण बारकाच आणलायस."

"गार्गी, वाढवायचं म्हटलं तर सगळं परत उघडावं लागतं, हिशोब करावा लागतो. तुमच्याकडे कोण येणार आहे ते करायला?"

"कोण म्हणजे?" गार्गीने मान वर केली. "तू."

प्रणितने पेचकस घेतला आणि कॅबिनेटचा एक स्क्रू आवळला. तो आधीच आवळलेला होता.

मला तेव्हा कळलं. इतक्या सरळपणे कळलं, की मी सकाळपासून ते बघत होते आणि वाचत नव्हते याचंच आश्चर्य वाटलं. त्याने सगळ्यांचा विचार केला होता. गार्गीचा, तिच्या अभ्यासाचा, तिच्या खेळाचा, रात्री पंख्याचा आवाज होऊन काकूंची झोप मोडू नये याचासुद्धा. बिघडलं तर काय, धूळ बसली तर काय, आपण नसताना काय. पुढच्या या सगळ्या वर्षांमध्ये त्याने एक माणूस कुठेच धरला नव्हता. पुढे कधी या घरी येऊन, या चटईवर बसून, एक पट्टी वाढवून देणारा माणूस. तो स्वतः. म्हणून रिकामी जागा ठेवायचं कारण उरलं नव्हतं. म्हणून तो शांत होता.

मला उठता येईना.

"थांबा," काकू आतून आल्या. त्यांच्या हातात ताट होतं. हळदकुंकू, चार अक्षता, एक खडीसाखरेचा खडा. "नवीन वस्तू आहे. असंच नाही सुरू करायचं."

गार्गी आईकडे बघतच राहिली. त्या घरात तीन महिन्यांत कशालाही हळदकुंकू लागलं नसणार. काकूंनी खाली बसून कॅबिनेटच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं. मग प्रणितकडे न बघता म्हणाल्या, "दाब आता. तूच दाब. तो असता तर त्यानेच दाबलं असतं."

गार्गीने भिंतीतलं बटण चालू केलं. प्रणितने हात पुढे केला. मला त्याचं बोट दिसत होतं, कॅबिनेटच्या गोल बटणापासून वीतभर लांब. मला वाटलं, हे सुरू झालं की याचं काम संपलं.

"थांब," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा नव्हता. तरी तो थांबला.

"प्रणित, तू मरायचं ठरवलंयस का?"

ताट किंचित वाजलं. "शलाका," काकू म्हणाल्या, "काय बोलतेस हे. माझ्या हातात हळदकुंकू आहे."

"मला माहीत आहे, काकू." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं असतं तर मला परत विचारता आलं नसतं. "प्रणित, मी विचारतेय. तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

मला वाटलं होतं तो चिडेल. हसेल. वेडी झालीस का म्हणेल. मी मनापासून त्याची वाट बघत होते, त्याने मला वेड्यात काढावं. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"ताई, घरी बोलू."

"नाही. इथे."

"गार्गीसमोर नको."

"हो की नाही तेवढं सांग."

त्याने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. त्या मोडलेल्या मनगटावर दुसरा हात धरला. मग म्हणाला, "हो."

गार्गीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. काकूंनी ताट जमिनीवर ठेवलं, अगदी सावकाश, खडीसाखरेचा खडा घरंगळू नये इतक्या सावकाश.

"कधी?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. हे विचारायचं मला सुचलं नसतं. सुचलं असतं तरी धीर झाला नसता.

"हे झालं की," प्रणित म्हणाला. आंघोळीला जातो म्हणावं, तसं तो म्हणाला.

काकूंनी कॅबिनेटकडे पाहिलं. ओलं कुंकू कडेने खाली ओघळत होतं. त्यांनी पदराने ते टिपलं.

"गार्गी, वायर काढ."

"आई."

"भिंतीतली वायर काढ. आणि तो पेचकस घे हातात. हे अजून झालेलं नाही. सगळं सुटं कर."

गार्गीने रडत रडतच वायर काढली.

"तू ते मघाशी काय म्हणत होतीस, चार घरांचं, ते कुठे मिळतं? त्याच दुकानात? मग हे परत जाऊ दे. ते आणायचं. ते आणलं आणि याने जोडलं, की परत सुटं करायचं." त्यांचा आवाज चढला नव्हता. भाजी निवडताना बोलावं तसं त्या बोलत होत्या. "मला काही घाई नाही. मला आता वेळच वेळ आहे."

"काकू, मी," प्रणित म्हणाला.

"तू बोलू नकोस. तीन महिने मी तुझ्याशी बोलले नाही, आता मी बोलते." त्या त्याच्याकडे वळल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मला तुझा राग आला होता. अजून आहे. सकाळी उठले की आधी तुझा राग येतो, मग बाकीचं आठवतं. तुझी चूक नाही हे मला पोलिसांनी सांगितलंय, ह्यांनी सांगितलंय, सगळ्यांनी सांगितलंय. तरी येतो. तू गेलास तर तो मी कोणावर काढायचा?"

प्रणित खाली वाकला. त्याचं कपाळ जवळजवळ चटईला लागलं. त्याच्या रडण्याला सुरुवातीला आवाज नव्हता, नुसती पाठ हलत होती. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्या तिथेच, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिल्या.

मी दारात जाऊन फोन लावला. माझ्या शाळेतली एक मैत्रीण मनोविकारतज्ज्ञ आहे, तिचा नंबर माझ्याकडे कितीतरी दिवस होता. ती म्हणाली, "आत्ता कुठे आहेस? त्याला एकट्याला सोडू नका. इकडे घेऊन या, मी थांबते." मग मी आईला फोन केला. जे उच्चारायचं नाही म्हणून तिने माझ्या तोंडावर हात ठेवला होता, तेच मला उच्चारावं लागलं. ती म्हणाली, "जेवलाय का तो?"

तो बरा व्हायला पुढे दीड वर्ष लागलं. ते सरळ गेलं नाही. एकदा आम्ही पुन्हा अगदी कडेपर्यंत जाऊन आलो, आणि तेव्हाही मी विचारलं, आणि तेव्हाही त्याने खरं सांगितलं. आता तो पुण्यात नोकरी करतो, त्याला एक मुलगी आहे. फोनवर त्याचा आवाज जरा जरी सपाट वाटला तरी मी आजही विचारते. आधी तो चिडायचा. आता म्हणतो, "नाही ताई, सर्दी झालीय."

पण त्या दुपारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. फोन ठेवून मी आत आले, तेव्हा मी आयुष्यात कधी नव्हे इतकी घाबरले होते. आता ते शब्द खोलीत होते, मी ते आणले होते, आणि त्यांचं काय होईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रणित भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटून, चेहरा सुजलेला. काकू त्याच्या आणि दाराच्या मध्ये बसल्या होत्या. गार्गी आईचं ऐकत होती. तिने झाकण काढलं होतं, वायरी सोडवल्या होत्या, स्क्रू वाटीत टाकले होते. दर थोड्या वेळाने ती बाहीने नाक पुसत होती. मग तिने कार्डाला हात घातला. ते निघेना. तिने कॅबिनेट गुडघ्यांत धरलं आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. प्लास्टिक करकरलं.

प्रणितने डोळे उघडले.

"ओढू नकोस," तो म्हणाला. आवाज फाटलेला होता.

ती ओढतच राहिली. बहुतेक तिला ऐकू आलं नाही.

"गार्गी, थांब. बोर्ड तुटेल. खाली टोकाला एक खटका आहे, आधी तो दाबायचा असतो."

"कुठे? मला नाही दिसत."

त्याने भिंतीचा आधार सोडला. चटईवरून तो गुडघ्यांवर पुढे सरकला. काकूंनी पाय जवळ घेऊन त्याला वाट दिली.

"इकडे," तो म्हणाला. "सरक जरा. दाखवतो."